चाखल्याशिवाय वाढायचं नाही

मी मुळातच तापट माणूस. पाडकामाच्या धंद्यात उभा जन्म गेला, आणि गोड बोलून आजवर एकही भिंत पडलेली मी पाहिली नाही. जुनी घरं घ्यायची, कौलापासून पायापर्यंत उतरवायची, चौकटी वेगळ्या, तुळया वेगळ्या, विटा खरडून त्यांचा गिलावा काढायचा आणि ज्याला नवं बांधायचंय त्याला विकायचं. हाताखालची माणसं मला पाठीमागे 'सुरुंग' म्हणायची. त्यांना वाटायचं मला ठाऊक नाही. मला चांगलं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

आमची ही छापखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण. दुपारच्या सुट्टीत शाईने बरबटलेल्या हातांचा सगळा छापखाना तिच्यापुढे रांगेत उभा राहतो, आणि भले भले फोरमन तिला घाबरतात. तिच्या ॲप्रनच्या खिशात एक चमचा असतो. दांडा वाकलेला, तोंडाशी झिजलेला. भांडं चुलीवरून उतरलं की आधी तो चमचा, मग माणसं. चाखल्याशिवाय वाढायचं नाही, हा तिचा कायदा. घरीसुद्धा तोच. दोघांपुरतं सूप असलं तरी आधी चमचा बुडणार, ती डोळे मिटून जीभ टाळ्याला लावणार आणि मगच माझं ताट पुढे येणार.

आणि पहिला घास घेतला की मी म्हणणार, "मीठ कमी आहे."

मीठ कमी नसायचं हो. कधीच नसायचं. पण सवय ती सवय. मग ती कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "जीभ आहे की विटा खरडायची पट्टी?" मी काहीतरी उलट बोलायचो, ती त्याहून वरचढ बोलायची, आणि तोवर ताट रिकामं झालेलं असायचं. आमच्या घरातलं प्रेम म्हणायचं ते हेच. याहून गोड काही आम्हा दोघांना कधी जमलं नाही.

तर एके सकाळी माझ्या पोटात अशी कळ उठली की मी, सुरुंग, जिन्यातच मटकन बसलो. पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टरीणबाई पलंगाशी उभ्या होत्या आणि आमची ही भिंतीकडे तोंड करून. आतड्याला रक्त नेणारी वाहिनी बंद पडली होती. आतडं काळं पडलेलं. जवळजवळ सगळं काढून टाकावं लागलं.

"म्हणजे मी आता खायचं कसं?" मी विचारलं.

"खायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाई सरळ बोलणारी, म्हणून मला पटली. "जिभेला लावायला थोडं चालेल, एखादा चमचा. पण त्याने पोषण होणार नाही. पोषण इथून." आणि त्यांनी माझ्या छातीकडे बोट केलं. कॉलरच्या हाडाखालून एक बारीक नळी बाहेर आली होती. तिचं दुसरं टोक म्हणे हृदयाच्या दाराशी.

त्या नळीला रोज संध्याकाळी एक पिशवी लावायची. ती रात्रभर ठिबकणार आणि सकाळी काढायची. हे आता कायमचं.

पिशवी कशी ते सांगतो. उशीएवढी, जाड प्लॅस्टिकची, आत तीन कप्पे. एकात पाण्यासारखं काहीतरी, दुसऱ्यातही पाण्यासारखंच, तिसऱ्यात दुधासारखं पांढरं. कप्प्यांच्या मध्ये नुसत्या दाबून चिकटवलेल्या शिवणी. लावायच्या आधी पिशवी वरून गुंडाळत यायची, म्हणजे शिवणी उकलतात आणि तिन्ही एक होतात. ती तयार करायला हॉस्पिटलच्या तळघरात एक औषधतज्ज्ञ मुलगी होती. माझ्या रक्ताचा रिपोर्ट बघून क्षार, जीवनसत्त्वं वगैरे ती त्यात घालायची. मुलगी म्हणजे तिशीची असेल, डोक्याला निळी टोपी, हसली की एक दात पुढे यायचा. आमच्या हिने पहिल्याच दिवशी तिचं बारसं केलं: सवत.

"काय म्हणतेय माझी सवत आज? काय वाढलंय?" ही भेटीला आली की पिशवीकडे बघत विचारायची. हसत विचारायची, पण ते हसू दातांपुरतंच असायचं.

एकदा सवतच वर आली. हिने तिला खुर्ची दिली आणि सरळ विचारलं, "बाई, या पाण्यावर माणूस जगतो कसा ते मला एकदा समजावून सांग. घन असं काही नाही, वास नाही, रंग नाही."

त्या मुलीने बिचारीने नीट सांगितलं. म्हणाली, "काकू, आपण खातो ते सगळं मोठ्या मोठ्या साखळ्यांचं असतं. अंड्यातलं, डाळीतलं, मांसातलं प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. लहान लहान तुकडे, विसेक प्रकारचे, एकापुढे एक जोडलेले. भात, बटाटा, पाव, यांत ग्लुकोजच्या साखळ्या. तेला-तुपात मेदाम्लं. एवढ्या मोठ्या वस्तू रक्तात शिरत नाहीत. म्हणून आतडं आधी त्या तोडतं, सुटे तुकडे करतं आणि तेवढेच आत घेतं. मग शरीर त्या तुकड्यांतून स्वतःला हवं ते बांधतं. काकांचं आतडं नाही, म्हणून आम्ही सुटे तुकडेच थेट रक्तात देतो."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अगं, हे तर पाडकाम! वाडा काय दारातून आत नेता येतो? विटा करूनच न्यायचा. माझी पाडणारी टोळी गेली, तर ही पोरगी तयार विटाच आणून टाकते."

"अगदी तसंच, काका," ती म्हणाली.

ही मग हळूच म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी जीव ओतून रांधलं आणि तुम्ही ते पोटात नेऊन पाडत होतात?"

आम्ही दोघं हसलो. ती हसली नाही.

"पण तुकडा तोच असतो काकू," मुलगी घाईने म्हणाली. "अंड्यातून आला काय, पिशवीतून आला काय, शरीराला फरक कळत नाही."

"शरीराला कळत नसेल," ही म्हणाली. "यांना कळतं."

आता माझ्या तिरसटपणाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी चमचाभर चाखायला परवानगी दिली होती ना? त्याच्या दुसऱ्या दिवशीच ही डबा घेऊन आली. टोमॅटोचं सूप. झाकण उघडलं आणि खोलीभर परतलेल्या कांद्याचा वास. तिने खिशातून चमचा काढला, स्वतः चाखलं, दुसरा चमचा भरून माझ्या तोंडाशी आणला. आणि माझं टाळकं सरकलं. एक चमचा! ज्या माणसाने आयुष्यभर दोनदा वाढून घेतलं, त्याने चमचाभर चाटून गप्प बसायचं? "अर्धवट सुख नको मला," मी ओरडलो. "घेऊन जा. परत आणू नकोस." तिने डबा बंद केला. पुन्हा आणला नाही. मी जिंकलो म्हणून तोंड फुगवून पडून राहिलो.

घरी जायचं तर एक अट होती. पिशवी लावणारं माणूस घरात हवं, आणि त्याने ते काम आमच्या वॉर्डच्या सिस्टरसमोर न चुकता करून दाखवायला हवं. आमची लेक दुसऱ्या गावी नोकरीला, तान्ह्या पोराची आई. ती धावत आली होती, रडली, परत गेली. उरली ही. हिला जमलं नाही तर मला लांबच्या एका शुश्रूषागृहात ठेवणार होते. तिथे मी एकदा पाडकामाच्या निमित्ताने गेलो होतो, मागची जुनी इमारत उतरवायला. सगळी माणसं खुर्च्या खिडकीकडे करून बसलेली, आणि खिडकीबाहेर आमचा राडारोडा. मी सांगून ठेवलं होतं, तिथे जाण्यापेक्षा मी मेलेलो बरा. ते काही नुसतं बोलणं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी हिने पहिला भाग असा केला की सिस्टर बघतच राहिली. हात कोपरापर्यंत धुतले. पिशवी टेबलावर ठेवून तळहाताने अशी गुंडाळत आणली, कणीक मळणाऱ्या हाताने, की शिवणी एका दमात सुटल्या. पांढरं आणि पारदर्शक एकमेकांत शिरलं, सगळीकडे सारखं. सरावाची पिशवी होती, माझ्या अंगाला लावायची नव्हती, तरी मी श्वास रोखून बघत होतो. नळी जोडली. नळीतली हवा काढायला टोकाचं टोपण काढलं. टोकातून एक थेंब आला.

आणि हिने तो बोटावर घेऊन चाटला.

"काकू!" सिस्टर किंचाळलीच.

ही दचकली. तिलाच कळलं नव्हतं आपण काय केलं ते. हात आपला आपण गेला होता.

"काकू, ते टोक थेट हृदयापाशी जातं. त्याला हवेशिवाय काही लागता कामा नये. तुमचं बोट लागलं, जिभेवरचा एक जंतू आत गेला, तर काका दोन दिवसांत जातील. कळतंय ना?" सिस्टर वाईट नव्हती. "मी आज सही करू शकत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू. तेव्हाही असंच झालं तर माझा नाइलाज आहे."

सिस्टर गेली आणि मी सुटलो. "तुला मला मारायचंय का? एवढंसं काम! सगळी दुनिया हाताळतेस आणि एक बोट आवरता येत नाही? जाऊ दे मला त्या खिडकीसमोर, तुझी सुटका होईल!"

ती कधी ऐकून घेणारी नाही. पण त्या दिवशी तिने कंबरेवर हात ठेवला नाही. पलंगाच्या कडेवर बसली.

"मी काय करू?" ती म्हणाली. "आयुष्यात कुणाला न चाखता वाढलं नाही. खारट असेल, करपलं असेल, नासलं असेल, मला आधी कळायला हवं. आणि तुम्हाला? तुम्हाला मी काय घालतेय हेच मला माहीत नाही. माझा चमचा तर तुम्ही हाकलून लावलात. मग माझ्याकडे राहिलं काय? पिशवी टांगायची खुंटी होऊ का मी?"

मी कूस वळवली. तेवढंच जमलं.

तिच्यामागे मी सवतीला बोलावून घेतलं. झालं ते सांगितलं. म्हटलं, "पोरी, तू शिकलेली आहेस, तिला पटव. नाहीतर मी काही घरी जात नाही."

"पटवण्यासारखं यात काही नाही, काका," ती म्हणाली. "त्यांना चाखायचंय. चाखू दे की."

दुसऱ्या दिवशी तिने एक पिशवी आणली. बाहेरचं आवरण फाटल्यामुळे बाद झालेली, फेकायचीच होती. मला चाकाच्या खुर्चीत घालून दोघींनी कर्मचाऱ्यांच्या चहाच्या खोलीत नेलं. तिथे कप, साखरेची बरणी, कुणाचा तरी अर्धा खाल्लेला पाव. मुलीने कात्रीने एकेक कप्पा कापला आणि तीन कपांत थोडं थोडं ओतलं. हिने खिशातून चमचा काढला.

पहिला कप. "गोड. नुसतं गोड. पाकात पाणी ओतल्यासारखं."

"ग्लुकोज."

दुसरा, पांढरा. "साय म्हणावी तर साय नाही. तेल म्हणावं तर जिभेवर बसत नाही. मिळमिळीत."

"मेद."

तिसरा. हिने डोळे मिटले, जीभ टाळ्याला लावली आणि तोंड असं वेडंवाकडं केलं की मला लग्नाच्या वेळची ती आठवली. "शी! कडू! खारट, कडू, आणि मागे काहीतरी उकळून उकळून जीव गेलेल्या रश्श्यासारखं. हे? हे देता तुम्ही माझ्या नवऱ्याला?"

"तीच ती अमिनो आम्लं, काकू. सुटी झाली की त्यांतली बरीचशी कडू लागतात. पण काकांची जीभ मध्ये येतच नाही ना. त्यांना काहीच लागत नाही."

हिने चमचा कपात तसाच सोडला.

"काहीच लागत नाही," ती म्हणाली. आणि मग रडली. आम्ही लग्न केल्यापासून मी तिला दोनदा रडताना पाहिलंय, ही तिसरी वेळ. "कडू असतं तरी चाललं असतं गं. तोंड वाकडं केलं असतं, मला बोलले असते. काहीच लागत नाही म्हणजे..."

मुलगी तिच्याजवळ जाऊन बसली. टोपी काढली. "काकू, एक सांगू? काकांच्या अंगात जे काही आहे ना, हे हात, ही नखं, ते हृदय, ते सगळं कशाचं बांधलंय? तुम्ही वाढलेल्याचं. इतकी वर्षं तुकडे तुमच्याकडूनच गेलेत. माझी पिशवी नुसती डागडुजी करते."

हिने नाक पुसलं. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, एखाद्या जुन्या घराची किंमत करावी तसं. "तरीच एवढं खडूस निघालंय," ती म्हणाली. मग मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवसानंतर तिला सवत म्हणणं बंद झालं.

पुढच्या आठवड्यात सिस्टरसमोर तिने सगळं केलं. टोकातून थेंब आला. तिचं बोट हललं. मी पाहिलं, सिस्टरनेही पाहिलं. बोट तिथेच थांबलं. थेंब खाली पडला, तिने नळी जोडली. सिस्टरने सही केली आणि मी म्हातारा माणूस, खोटं कशाला सांगू, पांघरुणात तोंड खुपसून हुंदके दिले.

घरी आलो. स्वयंपाकघरातून वास आला, परतलेल्या कांद्याचा. पोटात काही हललं नाही, हलायला तिथे काही राहिलंच नव्हतं, पण तोंडाला पाणी सुटलं. अंग सगळं विसरतं, तोंड विसरत नाही. मला संताप आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

संध्याकाळी तिने झोपायच्या खोलीत टेबल पुसलं, पिशवी गुंडाळून एक केली, स्टँडला टांगली. नळी, पुसायचे बोळे, टोपणं, सगळं ओळीने. मग थांबली. आणि तिचा हात ॲप्रनच्या खिशात गेला.

"अगं! अगं नको! सिस्टर काय म्हणाली आठवतंय ना? हात लावू नकोस त्याला!"

"ओरडू नका. भिंती पडतील," ती म्हणाली, आणि चमचा घेऊन स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा चमचा भरलेला होता आणि वाफ येत होती. ती माझ्या पलंगाशी उभी राहिली. हात पुढे केला नाही. नुसती उभी. मला कळलं की आता मी 'नको' म्हटलं तर ही उद्यापासून पिशवी अगदी बरोबर लावेल, हात धुवेल, एक चूक करणार नाही, आणि या घरात पुन्हा कधी कांदा परतला जाणार नाही.

"चाखल्याशिवाय वाढायचं नाही," ती म्हणाली. "मला त्या पिशवीतलं चाखता येत नाही. तर आता तुम्ही चाखा. मगच नळी जोडेन."

मी तोंड उघडलं.

गरम. आंबट. कांदा, मिरी, जराशी साखर. किती दिवसांनी जिभेला काही लागलं होतं. मी ते तोंडात धरून ठेवलं, गिळायची घाई केली नाही. आणि मग लक्षात आलं. पुन्हा जीभ फिरवली. छे, शक्यच नाही. हिच्या हातून?

"अगं, मीठ!" मी ओरडलो. "मीठ घातलंच नाहीस! कणभर नाही! कँटीनची मुख्य म्हणवतेस, हे काय सूप आहे? धुवायचं पाणी बरं यापेक्षा!"

तिने चमचा टेबलावर ठेवला. दोन्ही हात कंबरेवर गेले.

"हो, नाही घातलं," ती म्हणाली. "म्हटलं, एकदा तरी खरं बोला."

आणि ती हात धुवायला गेली. कोपरापर्यंत, साबण लावून, सिस्टरने शिकवल्याप्रमाणे, सावकाश. नळाचा आवाज येत होता आणि त्यात ती हसतेय की रडतेय ते मला कळत नव्हतं. मी शर्टाची वरची दोन बटणं काढून वाट बघत बसलो.